पंखातली नळी

शेजारच्या आजोबांनी ती वस्तू पहिल्यांदा माझ्या हातात दिली तेव्हा मला ती बासरीच वाटली. वीतभर लांब, जुन्या हस्तिदंतासारखी पिवळसर, तीन हाडं एकात एक बसवलेली, एक टोक बारीक आणि दुसरं थोडं पसरट, सांध्यांवर काळा दोरा घट्ट गुंडाळलेला. मी कोल्हापुरात चार वर्षं बासरी शिकलेय, त्यामुळे हातात आल्या आल्या ती ओठाला लागली आणि मी फुंकर मारली. काहीच नाही. नुसती हवा इकडून तिकडे गेली. आजोबा मान हलवत म्हणाले, "फुंकायचं नाही. आत ओढायचं."

आजोबा हे मी मनातल्या मनात म्हणते, तोंडाने मिस्टर लावूनच बोलते. पेन्सिल्व्हेनियाच्या मधोमध आमचं गाव आहे, जिथे अ‍ॅपलेशियनचे डोंगर नांगराने तास काढावेत तसे एकाशेजारी एक लांबच लांब पसरलेत, आणि प्रत्येक दोन रांगांमध्ये एक दरी, दरीत शेतं, लाल रंगाचे गोठे, मक्याचे सायलो. आजोबांचं आयुष्य अल्टूनाला रेल्वेच्या कारखान्यात मशिनवर गेलं, त्यामुळे त्यांच्या तळघरात करवती, कानशी, शिकंजे असं सगळं आहे आणि प्रत्येक हत्याराची भिंतीवर पेन्सिलने आखलेली जागा आहे. ही हाडाची नळी त्यांच्या वडिलांनी केलेली. रानटर्कीच्या मादीच्या पंखातली हाडं. तिच्यातून तिचाच आवाज काढायचा आणि नराला बोलवायचं.

टर्की म्हटल्यावर आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यासमोर थँक्सगिव्हिंगचा तो पांढरा, छाती एवढी जड की धड उडता येत नाही असा फार्मवरचा पक्षी येतो. माझ्याही डोळ्यासमोर तोच होता. रानातला पक्षी वेगळाच. काळपट अंग, पण उन्हात आलं की पिसांवर तांब्याची, हिरवी, जांभळी झाक. रात्री झोपायला उंच ओकवर जातो, पळायला लागला की माणसाला सापडत नाही, आणि बाहेरून कान दिसत नसले तरी आवाज नेमका कुठल्या झाडामागून आला हे त्याला कळतं. या पक्ष्याचं आपल्याशी जुनं नातं पण आहे बरं का, मला ते नंतर कळलं आणि फार आनंद झाला. जहांगीर बादशहाने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं, पोर्तुगीजांकडून मिळतील त्या नवलाच्या वस्तू घेऊन ये म्हणून, आणि १६१२ साली तो जे काही घेऊन परतला त्यात एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की हा लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो, आणि त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा बदलत राहतो. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज भाषेत टर्कीला 'पेरू' म्हणतात. मेक्सिकोत माणसाळवलेला पक्षी, नाव दक्षिण अमेरिकेतल्या देशाचं, आणि गोव्याच्या बंदरातून आग्र्याला. मी ते चित्र स्क्रीनवर मोठं करून आजोबांना दाखवलं तर ते बराच वेळ मानेवरच्या त्या लाल गाठी बघत राहिले आणि म्हणाले, ह्या माणसाने पक्षी खरंच बघितलाय.

तर त्या नळीबद्दल. वसंतात नर पहाटे झाडावरूनच ओरडायला लागतो, तो गडगडाट दरीच्या पलीकडे ऐकू जातो, आणि निसर्गाचा नियम असा की मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी हे उलटं करायला बघतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावं म्हणून वाट बघतो, जे नराच्या स्वभावात नाही. म्हणून अवघड. वसंतातल्या शिकारीत इथे पक्ष्याच्या मागावर जायला बंदी आहे, आवाजानेच बोलवायचं आणि दाढीवालाच मारायचा, म्हणजे छातीवर केसांसारख्या पिसांचा झुबका असलेला. मी शिकार करत नाही. शिकारीचा कोर्स केला, लायसन्स काढलं, कारण त्याशिवाय आजोबांबरोबर रानात बसून आवाज काढणं मला बरोबर वाटेना. पण बंदूक घेतली नाही आणि घेणारही नाही. मला ती नळी हवी होती. तिच्यातून येणारा आवाज हवा होता.

हाडं मिळाली नोव्हेंबरात. शरद ऋतूतल्या सीझनमध्ये मादीही मारता येते, आणि नळीसाठी मादीचीच हाडं चांगली, नराची जाड आणि भोक मोठं, आवाज घोगरा पडतो. लोक छातीचं आणि तंगड्यांचं मांस काढून घेतात आणि पंख टाकून देतात. हे मला बघवत नाही. आमच्या घरी बोकड आला की मुंडी, पाये, वजडी, रक्ती, काही म्हणजे काही वाया जायचं नाही, नळ्यांवरून तर आम्हा भावंडांची भांडणं. आजोबांच्या मित्राने दोन पंख वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिले तेव्हा मी ते दोन्ही हातांनी घेतले.

पंख म्हणजे हातच की. खांद्यापासून कोपरापर्यंत एक जाड हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन, एक मध्यम आणि एक अगदी बारीक, बोरूपेक्षाही बारीक. मधल्या हाडावर बोट फिरवलं तर एका ओळीत बारके उंचवटे लागतात, उडायची मोठी पिसं तिथे रोवलेली असतात. आजोबांनी मला डोळे मिटून ते मोजायला लावले. दंडाच्या हाडात मज्जा नसते, त्यात हवा असते, पक्ष्याच्या श्वासाच्या पिशव्या थेट त्या हाडात शिरलेल्या असतात, खांद्याच्या टोकाला त्यासाठी एक भोक असतं. हे ऐकल्यावर मी क्षणभर थांबले. म्हणजे पक्षी जिवंत असताना त्याचा श्वास या हाडातून फिरत होता. आता त्यात माझा फिरणार.

पहिला पंख मी खराब केला. ते सांगायलाच पाहिजे, कारण चूक माझ्या घाईची होती. आजोबांनी सांगितलं होतं मंद आच, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उकळी फुटता कामा नये. मी कुकरवर वाढलेली मुलगी, मोठ्या गॅसवर पातेलं ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले, तासाभराने बघते तर खळाखळा उकळतंय. मांस तर सुटलं, पण वाळल्यावर ते बारीक हाड खडूसारखं झालं होतं आणि करवत लावली तर टोकापासून चिरत गेलं. दुसरं जे वाचलं ते पांढरं करायला मी ब्लीचमध्ये टाकलं, तीही चूक, ब्लीच हाड आतून खातं, दोन दिवसांनी बोटाने दाबलं तर भुगा निघाला. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो भुगा कागदावर घेतला, बागेत गुलाबाच्या मुळाशी टाकला आणि मला दुसरा पंख दिला.

दुसऱ्या पंखाला मी दोन आठवडे दिले. मांस आधी सुरीने जेवढं निघेल तेवढं काढलं. मग मंद आचेवर तासभर, पाण्यात भांड्याचा साबण थोडासा. मग टोकं कापायची, बारीक दातांच्या करवतीने, हळूहळू, हाड शिकंज्यात चिंधीत गुंडाळून धरायचं, आणि तोंडाला मास्क लावायचा कारण हाडाची पूड फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. टोकं कापली की आतली मज्जा दिसते, ती पातळ तारेने काढायची, आणि मग परत साबणाच्या कोमट पाण्यात, रोज पाणी बदलायचं, कारण खरा शत्रू तेल आहे. हाडात तेल राहिलं की ते महिन्याभराने पिवळं पडतं आणि वास मारतं. आईच्या लोणच्याच्या बरणीसारखी एक काचेची बरणी मी खिडकीत ठेवली होती आणि रोज सकाळी पाण्यावर तवंग आहे का बघायचे. अकराव्या दिवशी पाणी स्वच्छ राहिलं. मग एक रात्र हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, मेडिकलच्या दुकानात जखमेसाठी मिळतं तेच ३ टक्केवालं, आणि सकाळी हाडं दुधासारखी.

जोडणं हे खरं काम. बारीक हाड ओठाला, त्याचं दुसरं टोक मधल्या हाडात, मधलं दंडाच्या हाडात. कुठे किती कापायचं याचं माप नाही, कारण दोन पक्ष्यांची हाडं सारखी नसतात. चिकटवायच्या आधी नुसती एकमेकांत बसवून आवाज काढून बघायचा, दोन मिलिमीटर कापायचं, परत बघायचं. एकदा जास्त कापलं की गेलं, हाड वाढवता येत नाही. दंडाच्या हाडाच्या टोकाशी आत जाळीसारखे बारीक आडवे खांब असतात, पक्ष्याला हलकेपणा आणि ताकद दोन्ही देणारे, ते गोल कानशीने साफ करावे लागतात, आणि मला ते तोडताना वाईट वाटलं, इतकं सुंदर बांधकाम. मग इपॉक्सी, मग सांध्यावर दोरा. मी लाल दोरा आणला होता, देवाचा असतो तसा, मला वाटलं छान दिसेल. आजोबांनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. वसंतात टर्कीच्या रानात लाल, पांढरं, निळं काही न्यायचं नाही. नराच्या डोक्याचे तेच रंग असतात आणि झुडपात हलणारा लाल ठिपका बघून कुणीतरी गोळी झाडू शकतो. त्यांनी हे सांगताना आवाज खाली आणला होता. मी काळा दोरा गुंडाळला.

आणि मग आवाज येईना.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बासरीत काय होतं, ओठातून हवेची बारीक पट्टी सोडायची, ती भोकाच्या कडेवर आपटून दुभंगते आणि सूर येतो. माझ्या ओठांना तीच सवय. इथे हवा आत घ्यायची, ओठ नळीच्या टोकावर थरथरले पाहिजेत आणि ती थरथर नळीतून पुढे जाऊन मोठी होते. आजोबा म्हणायचे, पापी घेतल्यासारखं कर. मी करायचे, चुकचुक असा आवाज यायचा, पाल बोलल्यासारखा. मादीचा खरा आवाज दोन तुकड्यांचा असतो, आधी बारीक स्वच्छ, आणि लगेच तो मोडून खाली घसरतो, खरखरीत होतो, क्यिऽऔक, क्यिऽऔक, असं पाच-सहा वेळा एका लयीत. तो मोड येत नव्हता. चार वर्षं मी आवाज मोडू नये म्हणून रियाज केला होता आणि आता तो मोडायला शिकायचं होतं.

आईला रविवारी व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं. तिने हाडं बघून नाक मुरडलं नाही, उलट जवळ धर म्हणाली, चष्मा पुसून नीट बघितलं. मी म्हटलं, आई, आत ओढायचं जमत नाही बघ. ती म्हणाली, "अगं न जमायला काय झालं, रविवारी नळी ओढायचीस तसं ओढ की. तुझे बाबा ओरडायचे बघ, मटकन आवाज काढू नको म्हणून, तोच आवाज." मी फोन ठेवलाही नव्हता. नळी ओठाच्या कोपऱ्याला लावली, मधे नाही, कोपऱ्याला, जशी मटणाची नळी लावतात, गाल आत घेतले, झटका दिला. आणि तो आला. आधी बारीक, मग फाटलेला. आई पलीकडून म्हणाली, हां. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि मी परत केलं, परत केलं, तिकडे मागे आईच्या कुकरची शिट्टी वाजली तरी ती फोन धरून ऐकत बसली होती.

हे काम किती जुनं आहे ते मला नंतर हळूहळू कळत गेलं. या खंडातल्या मूळ लोकांनी टर्कीच्या हाडांपासून आवाजाच्या नळ्या केल्या आणि गोरे त्यांच्याकडूनच शिकले. १९व्या शतकाच्या शेवटाला चार्ल्स जॉर्डन नावाच्या शिकाऱ्याची नळी नावाजली, त्यात पंखाच्या हाडाला पुढे केनचे तुकडे जोडलेले असायचे, केन म्हणजे इथला रानबांबू, बासरीच्याच कुळातला. आणि इस्रायलमध्ये ऐनान-मल्लाहा इथे पाणपक्ष्यांच्या बारीक हाडांच्या सात शिट्ट्या सापडल्यात, १२,००० वर्षांपूर्वीच्या, २०२३ मध्ये त्यावर संशोधन आलं, तशीच नवी शिट्टी बनवून वाजवली तर खरुची आणि शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यांसारखा आवाज आला. म्हणजे माणसाने पक्ष्याचं हाड घेऊन पक्ष्याशी बोलायचा प्रयत्न शेती नीट सुरू व्हायच्या आधीपासून केलाय.

यात मला आपले फासेपारधी आठवतात. माझे सख्खे आजोबा सांगायचे, तित्तराचा आवाज पारधी तोंडाने असा काढायचा की खरा तित्तर भांडायला धावत यायचा. हाड नाही, नळी नाही, नुसता गळा आणि जीभ. इथे अशा कसबाच्या स्पर्धा होतात, जुन्या नळ्या लोक जपून ठेवतात, करणाऱ्याचं नाव आदराने घेतात. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पारध्यांवर शिक्का मारला, तो कायद्यातून १९५२ मध्ये गेला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. शिकार बंद झाली ते योग्यच झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याची गरज होतीच. पण तो आवाज काढणारा माणूस आपण कधी समोर बसवून ऐकला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

इथेही सगळं गोड नव्हतं. जंगलं तोडली गेली, बेसुमार शिकार झाली, आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियात रानटर्की दक्षिणेकडच्या काही अवघड डोंगरांवर तेवढे उरले होते. त्यात १९०४ मध्ये न्यूयॉर्कला चेस्टनटच्या झाडांवर बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या काही दशकांत ती झाडं संपली, ज्यांच्या फळांवर हे पक्षी हिवाळा काढायचे. मग सरकारने फार्मवर टर्की वाढवून रानात सोडले, वर्षानुवर्षं सोडले. ते टिकले नाहीत. का, तर त्यांना आई नव्हती. रानातलं पिल्लू अंड्यात असतानाच आईचा आवाज ऐकतं, तिच्याशी बोलतं, बाहेर आल्यावर कुठल्या आवाजाला दडायचं आणि कुठल्या आवाजाला धावत यायचं हे त्याला तिच्याकडून कळतं. इन्क्युबेटरमधल्या पिल्लाला ते कोण सांगणार. शेवटी रानातलेच पक्षी झडप घालणाऱ्या जाळ्यांनी धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडले तेव्हा संख्या वाढली, आणि आज देशभरात ६० लाखांच्या आसपास रानटर्की आहेत. आजोबा म्हणतात, त्यांनी लहानपणी या दरीत एकही ऐकला नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही पहाटे चारला निघालो. दव एवढं की बूट ओले झाले. आजोबांनी एक जाड ओक निवडला, खांद्यापेक्षा रुंद, पाठ टेकून बसलो, अंधार हळूहळू राखाडी झाला, खाली मेअ‍ॅपलची छत्रीसारखी पानं दिसायला लागली. लांब एक घुबड घुमलं आणि त्याच्या उत्तरादाखल वरच्या उतारावरून नर गडगडला. तो आवाज छातीत जाणवतो. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटाने खूण केली, थोडं, अगदी थोडं. मी नळी काढली, दोन्ही हातांची ओंजळ तिच्या पुढच्या टोकावर धरली, आणि तीनदा ओढलं. फक्त तीनदा. तो लगेच गडगडला. मला परत करायचं होतं, हात शिवशिवत होते, आजोबांनी गुडघ्यावर तळहात ठेवून थांब म्हटलं. पंधरा मिनिटं गप्प. मग पंखांचा फडफडाट, तो खाली उतरला. परत गडगडला, जवळ. पाचोळ्यात पावलं. मला माझाच श्वास मोठा वाटत होता. आणि मग झाडांच्या मधून ते डोकं दिसलं, पांढरं, निळं, लाल, आणि मन्सूरने काढलेल्या त्या गाठी, पिसारा अर्धा उघडलेला, ऊन अजून आलं नव्हतं तरी तो चमकत होता.

साठ पावलांवर असेल, तेवढ्यात डावीकडून मादी बोलली. खरी. आणि काय सांगू, तिचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी खरखरीत होता, बेसूर म्हणावा असा, लय पण सारखी नाही, मधेच अडखळली, मधेच एक सूर गिळला. नर वळला. पिसारा पूर्ण उघडला, एकदा आमच्या ओकच्या दिशेने बघितलं आणि तिच्या मागे उताराने निघून गेला. आजोबांची बंदूक मांडीवरच होती. ते हळूच म्हणाले, "तू फार नीट वाजवतेस."

आम्ही नऊपर्यंत तिथेच बसलो. त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली, मी डब्यातले थालीपीठाचे तुकडे. ती मादी अजून खाली कुठेतरी बोलत होती आणि मी प्रत्येक वेळी नळी ओठाला लावून, आवाज न काढता, नुसते ओठ तिच्यासारखे हलवून बघत होते, ती कुठे अडखळते, कुठे गिळते. घरी आल्यावर नळी धुतली, आत तार फिरवली, खिडकीत वाळत ठेवली. शेजारी ती काचेची बरणी रिकामी आहे. नोव्हेंबरात परत पंख येतील, यावेळी मधलं हाड दोन मिलिमीटर लांब ठेवून बघणार आहे.